सोळा ग्रॅमचा हिशेब

तीन-चार वर्षांच्या मुलाचे वजन वर्षभरात साधारण 2 किलोने वाढते. दिवसाला हे प्रमाण साडेपाच ग्रॅमच्या आसपास पडते, आणि त्यातून पाणी, चरबी, हाडांतला चुना (कॅल्शियम) वगळला तर प्रथिने म्हणून शरीरात नव्याने जी भर पडते ती जेमतेम 1 ग्रॅमची असते. आहारशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी हा हिशेब फळ्यावर मांडते तेव्हा मुली हमखास वहीतून मान वर काढतात. वाढत्या वयाला प्रथिने खूप लागतात, हे वाक्य त्यांनी शाळेपासून पाठ केलेले असते. ‘खूप’ म्हणजे किती, हे त्यांना कोणी विचारलेले नसते.

बाकीची गरज वाढीसाठी नसते, ती रोजच्या झिजेपोटी असते. शरीरातली प्रथिने सतत मोडत आणि पुन्हा बांधली जात असतात, त्यातली थोडी वाया जातात, आणि तेवढी भरून काढावी लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली केलेल्या शिफारशींनुसार 4 ते 6 वर्षांच्या, साधारण 18 किलो वजनाच्या मुलाला दिवसाला 16 ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुरतात. 1 ते 3 वर्षांच्या मुलाला 12 ग्रॅमच्या आतबाहेर. याच संस्थेच्या 2010 सालच्या तक्त्यात हे आकडे अनुक्रमे सुमारे 20 आणि 17 होते. म्हणजे दहा वर्षांत शास्त्राने गरज खाली आणली, आणि त्याच दहा वर्षांत बाजारात मुलांसाठीच्या प्रथिनपूडींचे डबे वाढत गेले. यात मला मोठी गंमत वाटते.

माझी भाची पुण्यात राहते आणि तिचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. सोसायटीतल्या आयांच्या गटात कुठल्याशा पूडीची चर्चा झाल्यापासून तिच्या डोक्यात किडा शिरला होता. “मावशी, त्याला प्रोटीन पुरतंय का गं? तो डाळ खातच नाही नीट.” मी तिला म्हटले, आदल्या दिवशी त्याने जे खाल्ले ते आठवून सांग, बढाया नकोत आणि तक्रारीही नकोत. सकाळी अर्धा-पाऊण पेला दूध, म्हणजे दीडशे मिलिलिटर. दुपारी दोन लहान फुलके, दुधी भोपळ्याची शेंगदाण्याचे कूट घातलेली भाजी आणि दोन चमचे दही. रात्री मूठभर तांदळाचा भात आणि त्यावर तुरीचे वरण, जे तिच्या मते त्याने खाल्लेच नव्हते, पण भातात कालवलेले सारे पोटात गेले होते. दुधाचे 5 ग्रॅम, 40 ग्रॅम कणकेचे 4, तांदळाचे 2, वीस ग्रॅम डाळीचे 4, कुटाचे 2 आणि दह्याचा दीड ग्रॅम. बेरीज 18 ग्रॅमच्या पुढे गेली. डाळ न खाणाऱ्या, अंडे न शिवणाऱ्या त्या मुलाची दिवसाची प्रथिने रात्रीच्या जेवणात पुरी होऊन वर थोडी उरलीही होती.

मग मी तिला त्याच ताटातली ऊर्जा मोजायला लावली. तूप-तेल चार चमचे धरूनही बेरीज 700 कॅलरींच्या अलीकडेच थांबली, आणि या वयाला साधारण 1360 लागतात. या मुलाची प्रथिनांची बाजू भक्कम होती आणि ऊर्जेची बाजू निम्मी रिकामी होती. ती कशाने भरत होती, हे तिच्या दुसऱ्या यादीत निघाले: गाडीत बसल्यावर बिस्किटे, आजोबांच्या चहात बुडवलेली खारी, खेळून आल्यावर चिप्सचे एक पाकीट. ही यादी तिने आधी सांगितली नव्हती, कारण तिच्या लेखी ते जेवण नव्हते. मुलाच्या पोटाच्या लेखी मात्र ते निम्मे जेवण होते. माझे म्हणणे एवढेच होते की, पूडीच्या डब्याचे पैसे केळी, चिकू, राजगिऱ्याचा लाडू, तुपातला शिरा आणि भाज्या घातलेला उपमा यांवर खर्च कर आणि हे पदार्थ चार वाजता समोर ठेव, सात वाजता नको. तिला ते फारसे पटल्याचे दिसले नाही. डब्यावर शास्त्र छापलेले असते, केळ्यावर काहीच छापलेले नसते.

अशा डब्यांविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले की, दुधात घालायच्या गोड पूडी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात या नावाचा प्रकारच नाही. पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय पोषण संस्थेची नवी आहार मार्गदर्शिका आली आणि तिने प्रथिनपूडींपासून दूर राहण्याचा सल्ला दिला. दोन्ही बातम्या चार दिवस गाजल्या. डबे जिथे होते तिथेच आहेत.

प्रथिने आणि ऊर्जा यांचा हिशेब एकत्रच का मांडावा लागतो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. शरीराला हृदय, मेंदू आणि श्वास चालू ठेवायचे असतात आणि ते काम पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे पिष्टमय पदार्थ आणि स्निग्धांश कमी पडले की, पोटात आलेली प्रथिने बांधकामाला न जाता जाळली जातात. सरपण संपले म्हणून घराचे वासे चुलीत घालावेत, तसा हा प्रकार आहे. अर्धपोटी मुलाला आणखी प्रथिने दिली तर तीही चुलीतच जातात, आणि महागडे अन्न स्वस्त अन्नाचे काम करते. उलट, त्याच मुलाला भात, भाकरी, तेल, गूळ पुरेसा मिळाला तर ताटात आधीपासून असलेली थोडी प्रथिने वाढीच्या कामी लागतात.

ही गोष्ट आज पुस्तकात सरळ लिहिलेली दिसते, पण ती मान्य होण्यासाठी मोठा वाद व्हावा लागला, आणि त्या वादातला एक मोठा आवाज मराठी माणसाचा होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी जन्मले. ते डॉक्टर नव्हते, आहारतज्ज्ञही नव्हते. ते संख्याशास्त्रज्ञ होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या रोममधील संख्याशास्त्र विभागात त्यांनी सुमारे दोन दशके काढली. तो काळ प्रथिनांच्या धास्तीचा होता. 1930 च्या दशकात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या, आजच्या घानातल्या, सुजलेल्या आणि केस पिंगट पडलेल्या मुलांच्या आजाराचे वर्णन केले होते. त्या आजाराला प्रथिनांची उणीव जबाबदार धरली गेली आणि हळूहळू साऱ्या गरीब जगातल्या कुपोषणाचे तेच निदान ठरले. 1968 साली संयुक्त राष्ट्रांचा जो अहवाल निघाला त्यात जगावर प्रथिनांचे संकट येऊ घातल्याचा इशारा होता. माशांची पूड, खनिज तेलावर वाढवलेले सूक्ष्मजीव, तेलबियांची पेंड अशा नाना वाटांनी प्रथिने तयार करण्याचे कारखानी प्रयत्न सुरू होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेने शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याचे पीठ मिसळून बहुउद्देशी अन्न तयार केले, ते याच काळातले. (या साऱ्यात शेंगदाणा-हरभरा हा प्रयोग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. निदान ते पीठ चुलीवर शिजवता येत होते.)

सुखात्म्यांनी भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे हाती घेतले आणि प्रश्न उलटा विचारला. ज्या घरांत ऊर्जा पुरेशी आहे, अशा किती घरांत प्रथिने कमी पडतात? उत्तर असे निघाले की, फार थोड्या. प्रथिने कमी पडणारी बहुतेक घरे ही मुळात अन्नच कमी पडणारी घरे होती. 1971 मध्ये जागतिक तज्ज्ञ समितीने प्रथिनांच्या गरजेचे आकडे बरेच खाली आणले. 1973 साली डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय पोषण संस्थेतून एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला: 1 ते 5 वर्षांच्या, कमी खाणाऱ्या मुलांना रोज 310 कॅलरींची जोड 14 महिने दिली, आणि तिच्यात प्रथिने होती अवघी 3 ग्रॅम. मुले उंचीने आणि वजनाने इतरांपेक्षा अधिक वाढली. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी साऱ्या प्रथिन-मोहिमेचा फज्जा उडाल्याचे उघड उघड लिहिले.

सुखात्म्यांचे सारेच म्हणणे मला मान्य आहे असे नाही. पुढच्या काळात ते असे मांडू लागले की, माणसाचे शरीर कमी अन्नाशी काही प्रमाणात जुळवून घेते, तेव्हा उपाशी म्हणून मोजली जाणारी संख्या फुगलेली आहे. त्यावर पुण्यात अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांशी आणि गोपालन यांच्याशी त्यांचे जोरदार खटके उडाले. जुळवून घेणे म्हणजे मुलाच्या बाबतीत काय, तर कमी वाढणे, कमी हिंडणे, कोपऱ्यात बसून राहणे. त्याला समतोल म्हणायला माझे मन घेत नाही. पण त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे ऋण मोठे आहे, आणि पोषणावर बोलणाऱ्या मराठी माणसांना त्यांचे नावही ठाऊक नसावे, याचे मला वाईट वाटते.

हा वाद कागदावर मिटला तरी त्याची सावली उरलीच. अंगणवाडीतल्या 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी 2009 साली जे निकष ठरले, त्यांत दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने होती. ऊर्जा दिवसाच्या गरजेच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी आणि प्रथिने जवळजवळ पूर्ण दिवसाची. घरी उरलेल्या दोन तृतीयांश ऊर्जेची सोय होईल, असे त्यात गृहीत धरलेले होते.

ती सोय होते का, हे पाहायचे तर नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या पाड्यावर जावे. आमच्या महाविद्यालयातून मुलींना घेऊन मी त्या भागात जाते. तिथल्या शेतात नागली (म्हणजे नाचणी), वरई, उडीद आणि खुरासणी (म्हणजे कारळे) पिकते. आहाराच्या दृष्टीने ही चौकडी नमुनेदार आहे: नागलीत चुना भरपूर, उडदात प्रथिने, खुरासणीत तेल. तृणधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असते, ते डाळीत असते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते तृणधान्यात असते. भाकर-उडदाचे वरण आणि खुरासणीची चटणी या ताटाला कोणताही आहारतज्ज्ञ नावे ठेवू शकणार नाही. तरीही दोन-अडीच वर्षांचे मूल त्यावर वाळते, आणि याचे कारण त्याचे पोट. या वयात एका वेळी वाटी-दीड वाटीच अन्न मावते. भाकर त्याला नीट चावत नाही म्हणून पाण्यात कुस्करून देतात, चटणी तिखट म्हणून देत नाहीत, आणि वरणाचे वरचे पाणी तेवढे पाजतात. डाळ खाली बसलेली असते, ती मोठ्यांच्या ताटात जाते. पोट भरते पाण्याने, आणि मूल दोन घासांत मान फिरवते. मग आई म्हणते, खातच नाही.

तिथल्या अंगणवाडीतल्या ताईंनी आमच्या मुलींना एक गोष्ट करून दाखवली. पातेल्यात नागलीच्या पिठाची लापशी अशी घट्ट शिजवली की पळी उभी राहावी. त्यात त्यांनी नेहमीपेक्षा दुपटीहून जास्त पीठ घातले होते. एवढ्या पिठाची लापशी कोणत्याही लहान मुलाच्या घशाखाली उतरली नसती. पातेले खाली उतरवून, बोट जेमतेम सहन करील इतके निवल्यावर, त्यांनी डब्यातले एक चमचा पीठ वरून टाकले आणि ढवळू लागल्या. हे पीठ नागली भिजवून, मोड आणून, उन्हात वाळवून, हलकी भाजून दळलेले होते. काही मिनिटांत पळीभोवतीचा गोळा सैल पडला, कडेने चकाकी आली आणि लापशी पळीवरून धारेने खाली पडू लागली. मुलींना वाटले, ताईंनी गुपचूप पाणी घातले. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते. ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते, आणि फुगून घट्ट झालेले पीठ पातळ होते. पाण्याचा थेंबही न वाढवता, वाटीतल्या पिठाचा कणही न घटवता. त्यावर ताईंनी चमचाभर तेल आणि गूळ घातला. तीच वाटी, तेच पोट, आणि ऊर्जा दुपटीच्या वर. वर्गात हा धडा मी चित्रे काढून शिकवते. पळीवरून पडणारी ती धार पाहिल्यावर चित्रांची गरज पडली नाही.

याच्या उलट दिशेने जाणारे एक घरगुती काम म्हणजे नाचणीचे सत्त्व. भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, वरचे पाणी फेकून जो पांढरा साका उरतो तो मुख्यतः पिष्ट असतो. फडक्यात राहिलेल्या चोथ्याबरोबर आणि ओतून दिलेल्या पाण्याबरोबर प्रथिने आणि खनिजे बरीच निघून जातात. सहा-सात महिन्यांच्या बाळाला पचायला हलके म्हणून ते ठीक आहे. चार वर्षांच्या मुलालाही कौतुकाने तेच देणाऱ्या आज्या मला शहरात पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्याइतकी मी धीट नाही.

ऊर्जेची बाजू एवढी लावून धरल्यावर प्रथिनांच्या दर्जाचा प्रश्न मी टाळते आहे असे कोणाला वाटू नये. 2016 साली मलावीतल्या खेड्यांतल्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात खुंटलेल्या मुलांच्या रक्तात आवश्यक अमिनो आम्ले इतरांपेक्षा कमी आढळली. नुसता मका किंवा नुसता भात खाणाऱ्या मुलाला ऊर्जा पुरली तरी लायसिन कमी पडू शकते. साबुदाण्यात तर प्रथिने नावालाच असतात. म्हणून अंड्याचे मोल आहे: एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिने मिळतात. आपल्याकडे आदिवासी भागातल्या मुलांना अमृत आहार योजनेत आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी देण्याचे ठरले, ते योग्यच झाले. तरी अंड्याला देव्हाऱ्यात बसवू नये. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना रोज एक अंडे दिल्यावर खुंटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले; तोच प्रयोग मलावीत झाला तेव्हा उंचीत फरक पडला नाही, आणि तिथली बाळे आधीपासूनच मासे खात होती, असे कारण अभ्यासकांनी सुचवले. ताटात जे नाही ते घातले की फरक पडतो. जे आहे त्यातच भर घातली की पडत नाही.

आजारपणानंतरचे दिवस मात्र वेगळे. जुलाब, गोवर, लांबलेला ताप यांत मुलाने गमावलेले स्नायू परत बांधायचे असतात, आणि तेव्हा ऊर्जा आणि प्रथिने दोन्हींची गरज रोजच्यापेक्षा जास्त असते. बरे झाल्यावर दोन आठवडे एक जेवण वाढवून द्यावे, एवढा साधा नियम आहे, आणि तो पाळण्याची पंचाईत अशी की नेमका तोच काळ आईच्या बुडालेल्या मजुरीचा असतो.

लोहाविषयी थोडक्यात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली 6 महिने ते 5 वर्षे वयाची 68.9 टक्के मुले रक्तक्षयी आढळली, आणि हा आकडा आधीच्या पाहणीपेक्षा वाढलेला होता. यात शहरी घरातली मुलेही आली. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणारे मूल जेवणाला नाही म्हणते, आणि दुधात लोह नसल्यातच जमा असते. चहा तर अन्नातले लोह नीट शोषू देत नाही. जाता जाता आणखी एक: पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. कूट द्यावे, आणि आपल्या भाज्यांत ते असतेच.

परत सुरगाण्याकडे येते. दिवाळीच्या मागेपुढे तिथले पाडे रिकामे होऊ लागतात. माणसे टोळीने दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात, बांधावर कोपी घालून राहतात आणि द्राक्षे उतरेपर्यंत तिथेच असतात. पाड्यावरच्या अंगणवाडीत मुलाचे नाव असते. मूल बागेत असते. पहाटे चारला भाकर होते, सातला मोठी माणसे कामाला लागतात, आणि तीन वर्षांचे पोर आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात. दुसरे जेवण संध्याकाळी चूल पेटल्यावर. या वयाला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे लागते, आणि इथे मधल्या तीनही वेळा गळतात. या मुलाच्या ताटात कोणती प्रथिने आहेत, हा प्रश्न त्या दहा-अकरा तासांत निरर्थक असतो, कारण ताटच नसते.

एका बागेवर मी वेगळे पाहिले. टोळीतली एक म्हातारी कामाला न जाता कोपीवर थांबत असे आणि सगळ्यांची पोरे सांभाळत असे. दहाच्या सुमारास उडीद घातलेली खिचडी, दुपारी नागलीची लापशी आणि खाली पडलेल्या मण्यांतून निवडलेली द्राक्षे, चार वाजता तेलात भिजवलेली भाकर. तिची मजुरी टोळीतल्या बायकांनी आपसांत वाटून घेतली होती. डाळ, तेल आणि गूळ बागायतदारीणबाई देत. “पोरं रडत नाहीत म्हणून बायांचं काम उरकतं,” असे त्यांचे रोखठोक कारण होते, आणि ते मला कुठल्याही परोपकाराच्या भाषणापेक्षा भरवशाचे वाटले. पुढच्या हंगामात दर कमी मिळाला म्हणून ती टोळी दुसऱ्या बागेवर गेली. म्हातारीला तिथे छाटलेल्या काड्या वेचायला लावले.